मनातला चांगल्या-वाइटाचा झगडा: ख्रिस्ती विश्वासाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नागपुरात, सदरच्या आमच्या मंडळीत, मी तरुणांचा बायबल अभ्यास घेतो. तिथे पुन्हापुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. काही प्रश्न सगळ्यांसमोर विचारले गेले. बहुतेक मात्र अभ्यास संपल्यावर आले, बाहेर गाडीला किल्ली लावता लावता, बाकीची मंडळी निघून गेली याची खात्री करून. म्हणूनच ते लिहून ठेवावेत असं वाटलं. कॅथलिक आणि प्रोटेस्टंट शिकवणीत फरक असेल तिथे तो सांगितला आहे.

मी विश्वासात आहे, रोज प्रार्थना करतो, तरी मनात नको ते येतं. माझा विश्वास खोटा आहे का?

नाही. हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, म्हणून उत्तर आधीच देऊन टाकतो.

येशूचा संदेश पसरवणाऱ्या प्रेषित पौलाने रोमकरांस पत्र लिहिलं ते इ.स. ५७ च्या सुमारास. ख्रिस्ताचा अनुयायी होऊन तेव्हा त्याला वीसेक वर्षं झाली होती. मार खाऊन, तुरुंगात जाऊन, गावोगावी मंडळ्या उभ्या करून झाल्या होत्या. त्या पत्राच्या सातव्या अध्यायात तो लिहितो की जे चांगलं करावंसं वाटतं ते मी करत नाही, आणि करावंसं वाटत नाही असं जे वाईट, तेच करतो. पुढे तर तो कळवळून विचारतो, 'किती मी कष्टी माणूस! मला ह्या मरणाच्या देहापासून कोण सोडवील?'

हा आवाज नेमका कोणाचा, यावर जुना वाद आहे. ख्रिस्ताला ओळखण्याआधीच्या माणसाचा, असं सुरुवातीच्या अनेक आचार्यांचं मत होतं. चौथ्या-पाचव्या शतकातला बिशप आणि विचारवंत ऑगस्टिन यालाही तरुणपणी तसंच वाटायचं, पण उतारवयात त्याचं मत बदललं आणि इथे विश्वासी माणूसच बोलतोय असं तो म्हणू लागला. पुढे प्रोटेस्टंट चळवळ सुरू करणाऱ्या ल्यूथरने हेच धरलं. मलाही हेच पटतं, कारण पौल इथे वर्तमानकाळात बोलतो आणि देवाच्या नियमशास्त्राचा आपल्याला आनंद होतो असंही सांगतो. ज्याला देवाशी काही देणंघेणं नाही, त्याला तो आनंद होत नाही आणि ही तळमळही होत नाही. तुम्हाला होते आहे. मला तर त्यात विश्वासच दिसतो.

सातवा अध्याय वाचून पुस्तक मिटू नका, एवढंच सांगेन. आठव्याची सुरुवातच अशी आहे की जे ख्रिस्त येशूमध्ये आहेत त्यांना दंडाज्ञा नाही. पौलाने हे झगडा संपल्यावर लिहिलेलं नाही, झगडा चालू असताना लिहिलं आहे.

वाईट विचार मनात आला, एवढ्यानेच पाप होतं का?

याकोबाच्या पत्रात पहिल्या अध्यायात याचा क्रम दिला आहे. वासना माणसाला ओढते आणि भुलवते, मग ती गर्भवती होऊन पापाला जन्म देते, आणि पाप वाढून मरणाला. म्हणजे ओढ लागणं आणि पाप घडणं यांच्यामध्ये जागा आहे. येशूचीही रानात चाळीस दिवस परीक्षा झाली. भूक, सत्ता, लोकांवर छाप पाडण्याचा मोह, सगळं त्याच्यासमोर आलं, आणि इब्री लोकांस पत्रात स्पष्ट म्हटलं आहे की सर्व प्रकारे पारखला जाऊनही तो निष्पाप राहिला.

व्हरायटी चौकात कुणी आडवी गाडी घातली की राग येतोच. तो तुम्ही बोलावलेला नसतो. पण झाशी राणी चौक आला तरी मनात त्या माणसाला शिव्या चालू असतील, काय बोलायला हवं होतं याची तालीम चालली असेल, आणि घरी पोचून तोच राग पोरावर निघाला असेल, तर मधे कुठेतरी तुम्ही त्याला होकार दिला. ती जागा शोधायची सवय लावा.

इथे परंपरांमध्ये फरक आहे. कॅथलिक चर्चच्या ट्रेंट इथल्या परिषदेने १५४६ मध्ये ठरवलं की बाप्तिस्म्यानंतरही वाइटाकडचा कल माणसात उरतो, तो झगडण्यासाठी ठेवलेला असतो, आणि माणूस त्याला होकार देत नाही तोवर तो खऱ्या अर्थाने पाप नव्हे. कॅथलिक शिकवण आजही हीच आहे. ल्यूथर आणि दुसरा प्रोटेस्टंट सुधारक कॅल्विन यांच्या मते मात्र तो कलही पापच, फक्त ख्रिस्तामुळे तो आपल्या खात्यावर धरला जात नाही. रोजच्या जगण्यात दोघांचा सल्ला एकच: आलेल्या विचाराला घाबरू नका आणि त्याला पोसू नका.

देव चांगला आहे तर वाईट कुठून आलं? देव आणि सैतान असे दोन राजे आहेत का?

असं मानणारा एक मोठा पंथ होता. तिसऱ्या शतकात मानी नावाच्या धर्मसंस्थापकाने शिकवलं की प्रकाश आणि अंधार ही दोन अनादी तत्त्वं आहेत आणि माणूस म्हणजे त्यांची रणभूमी. ऑगस्टिन नऊ वर्षं या पंथात होता. त्याला ते सोयीचं वाटे, कारण पाप माझ्यातलं ते दुसरं तत्त्व करतं, मी नाही, असं म्हणता येई. शेवटी त्याच्या लक्षात आलं की यात आपण सुटत नाही, फक्त जबाबदारी ढकलतो.

ख्रिस्ती विश्वास दोन राजे मानत नाही. देव एकच, त्याने जे केलं ते चांगलंच केलं, आणि वाईट म्हणजे त्या चांगल्याचा बिघाड. त्याला स्वतःचं वेगळं अस्तित्व नाही. खोटं बोलायला भाषा लागते, आणि भाषा चांगली आहे. मत्सर करायला दुसऱ्यातलं चांगलं आधी दिसावं लागतं. वाइटाकडे स्वतःचं भांडवल नसतं.

मग बिघाड झालाच का? देवाने माणसाला नाही म्हणण्याची मोकळीक दिली, इथपर्यंत उत्तर जातं. त्यापुढे निरपराध लेकरांचं दुःख समोर आलं की हे उत्तर तोकडं पडतं, आणि ते तोकडं पडतं हे कबूल करण्यात अश्रद्धा नाही. बायबलमधल्या, निरपराध असून दुःख भोगणाऱ्या ईयोबाला देवाने हिशेब दिला नाही. तो त्याच्याशी बोलला.

सैतान खरंच आहे का? की सगळं मनातच असतं?

आहे, असं पवित्र शास्त्र आणि मंडळीची शिकवण सांगते. येशूचा शिष्य पेत्र त्याला गर्जणाऱ्या सिंहाची उपमा देतो. पण तो देवाच्या तोडीचा नाही आणि तुमच्याकडून जबरदस्तीने काही करवून घेऊ शकत नाही. एदेन बागेतही त्याने फळ तोडून हव्वेच्या तोंडात घातलं नव्हतं. तो फक्त बोलला.

घरात कुणी सतत आजारी असलं, पोरगी एकटीच बडबडते, मुलगा खोलीबाहेर येत नाही, की 'बाहेरचं काहीतरी आहे' म्हणणारे भेटतात. प्रार्थना जरूर करा. पण भूत काढण्याच्या नावाखाली कुणी मारहाण केली, साखळीने बांधलं, औषध बंद करायला लावलं, तर तिथून उठा. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने भूत उतरवण्याच्या नावाखाली छळ करणं गुन्हा आहे, आणि तो छळ येशूचं नाव घेऊन केला म्हणून माफ होत नाही. औषध आणि प्रार्थना यांच्यात भांडण नाही. शुभवर्तमान लिहिणारा लूक स्वतः वैद्य होता.

आपल्याकडे षड्रिपू म्हणतात, तेच का हे?

बरंच जवळचं. काम, क्रोध, लोभ, मोह, मद, मत्सर ऐकत वाढलेल्या माणसाला ख्रिस्ती परंपरेतली यादी परकी वाटत नाही. चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात राहणाऱ्या एव्हाग्रियस नावाच्या संन्याशाने आठ दुष्ट विचारांची यादी केली: खादाडपणा, कामवासना, लोभ, खिन्नता, क्रोध, एक विशिष्ट प्रकारचा कंटाळा, पोकळ कीर्तीची हाव आणि गर्व. पुढे सहाव्या शतकाच्या अखेरीस पोप ग्रेगरीने त्यांची फेरमांडणी करून सात केली. मोठी सात पापं म्हणून ती आज माहीत आहेत.

यातल्या त्या कंटाळ्याबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण नागपूरकराला तो चटकन कळेल. एव्हाग्रियस त्याला दुपारचा सैतान म्हणतो. तो सकाळी दहाच्या सुमाराला येतो आणि दोनपर्यंत ठाण मांडतो. संन्याशाला वाटतं, सूर्य हललेलाच नाही. तो सारखा खिडकीकडे बघतो, कुणी भेटायला येतंय का पाहतो. मग त्याला जागेचा वीट येतो, कामाचा वीट येतो, सोबतच्या माणसांत आता प्रेम उरलं नाही असं वाटू लागतं. दुसरीकडे कुठे गेलो असतो तर बरं झालं असतं, घरी परत गेलो असतो तर... असं सुरू होतं.

मे महिन्यात पारा पंचेचाळीसला गेलेला, रस्त्यावर चिटपाखरू नाही, कूलरमधलं पाणी आटून नुसती गरम हवा फिरते आहे, अशा दुपारी पलंगावर पडून कधी वाटलं असेलच: या नोकरीत काय ठेवलंय, या लग्नात काय ठेवलंय, या प्रार्थनेत काय ठेवलंय. हातात फोन, बोट वर सरकवत राहायचं, काहीच नीट बघायचं नाही. आपल्याला हे पाप वाटत नाही, कारण आपण काहीच केलेलं नसतं. वाळवंटातल्या त्या लोकांनी मात्र याला सगळ्यात जड शत्रू म्हटलं, कारण बाकीचे विचार मनाच्या एकेका कोपऱ्याला धरतात, हा अख्खं मन व्यापतो. त्यांचा उपाय फार साधा होता: आहात तिथून हलू नका, हाताला एक काम द्या, छोटी प्रार्थना करा, ऊन उतरू द्या. मोठे निर्णय त्या वेळेत घेऊ नका. नोकरीचा राजीनामा दुपारी दोनला लिहू नका, संध्याकाळी लिहा, लिहायचाच असेल तर.

षड्रिपूंशी फरक कुठे पडतो? ख्रिस्ती माणूस या शत्रूंना स्वतःच्या साधनेने जिंकेन असं म्हणत नाही. कोणीतरी आपल्यासाठी आधीच लढला आहे, असं तो मानतो. पुढचा प्रश्न त्याबद्दलच आहे.

मनावर घेतलं तर सगळं जमतं म्हणतात. मग मला का जमत नाही?

'प्रार्थना करून राहिलो, ठरवून राहिलो, पण काही होऊनच नाही राहिलं.' हे वाक्य मी किती जणांच्या तोंडून ऐकलं असेल.

मनावर घेतलं की जमतं, ही शिकवण पाचव्या शतकात पेलागियसने मांडली. देवाने आज्ञा दिली म्हणजे ती पाळायची ताकदही माणसात आहेच, असं तो म्हणे. माणूस तो वाईट नव्हता, रोममधल्या ढिल्या ख्रिस्ती लोकांची त्याला चीड होती. पण ४१८ मध्ये कार्थेजच्या धर्मसभेने ही शिकवण नाकारली, कारण तिच्यात पडलेल्या माणसाला जागा नाही. जो जिंकतो त्याला गर्व होतो आणि जो हरतो त्याला वाटतं, आपणच कमी पडलो.

ऑगस्टिनने स्वतःच्या मनाचं केलेलं निरीक्षण मला फार खरं वाटतं. मन हाताला म्हणतं हल, आणि हात हलतो. पण मन मनालाच म्हणतं हे हवंसं वाटू दे, तेव्हा मन ऐकत नाही. का? कारण ते पुरतं इच्छितच नाही. अर्धं हो म्हणतं, अर्धं मागे खेचतं. तरुणपणी तो प्रार्थना करायचा, 'मला शुद्धता दे, पण इतक्यात नको.' शेवटी ३८६ मध्ये मिलानमधल्या एका बागेत तो रडत पडला असताना पलीकडून एका लहान मुलाचा आवाज आला, 'घे, वाच.' त्याने पौलाचं पत्र उघडलं आणि समोर आलेल्या ओळींनी तो सुटला. पुढच्या वर्षी तिथल्या बिशप आंब्रोसने त्याला बाप्तिस्मा दिला.

त्या दिवशी त्याने जास्त जोर लावला नव्हता. जोर लावून लावून तो थकला होता, आणि मग त्याने हात पसरले. कृपा म्हणतात ती हीच. प्रयत्न सोडा असा याचा अर्थ घेऊ नका. बिशप झाल्यावरही ऑगस्टिन शेवटपर्यंत स्वतःला तपासत राहिला. पण तारण आपल्या मुठीत आहे हा भ्रम गेला की प्रयत्नांतली धडपड जाते.

रात्री मोबाईलवर नको ते बघतो. सकाळी लाज वाटते, रात्री पुन्हा तेच.

हे लिहून विचारणाऱ्यांमध्ये विवाहित आहेत, बाया आहेत, चर्चमध्ये वाद्यं वाजवणारेही आहेत. तुम्ही एकटे नाही.

तीन गोष्टी करून बघा. फोन रात्री दुसऱ्या खोलीत चार्जिंगला लावा आणि उठायला साधं गजराचं घड्याळ आणा. दुसरं, हे बहुतेक वेळा वासनेपेक्षा एकटेपणा, ताण किंवा अपमान गिळल्यावर होतं, तेव्हा त्या दिवशी काय घडलं होतं ते पाहा. आणि तिसरं, सगळ्यात अवघड: एका भरवशाच्या माणसाला सांगा. याकोब म्हणतो, आपली पातकं एकमेकांजवळ कबूल करा आणि एकमेकांसाठी प्रार्थना करा. लपवलेल्या पापाची ताकद लपण्यातच असते. ज्यांनी सांगितलं त्यांचा झगडा दुसऱ्या दिवशी संपला असं नाही, पण तो एकट्याचा राहिला नाही, आणि तिथून वळण लागलेलं मी पाहिलं आहे.

दुकानात मालक कच्चं बिल द्यायला सांगतात. नाही म्हटलं तर नोकरी जाईल. हे पाप माझं की त्यांचं?

इतवारीत हार्डवेअरच्या दुकानात काम करणाऱ्या एका तरुणाने हे विचारलं. दोन मुलं, खोलीचं भाडं, आईचं औषध. समोर गिऱ्हाईक उभं, मालक गल्ल्यावरून नुसती मान हलवतो, आणि छापील बिलबुक बाजूला सारून याने साध्या चिटोऱ्यावर रक्कम लिहून द्यायची. दिवसातून कितीतरी वेळा. 'प्रत्येक वेळी पोटात काहीतरी होतं,' तो म्हणाला.

पोटात होतं ते जपा. सवयीने ते बंद पडतं, आणि ते बंद पडलेल्या माणसाला आपलं काही बिघडलंय हेच कळत नाही.

बायबल इथे मोघम बोलत नाही. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाकडे जकातदार आले, आम्ही काय करावं म्हणाले. त्याने नोकरी सोडा असं सांगितलं नाही. ठरवून दिलेल्यापेक्षा जास्त घेऊ नका म्हणाला. शिपायांना म्हणाला, कुणाला धाक दाखवून पैसे उकळू नका, पगारात समाधान माना. जक्कय मात्र स्वतः मोठा जकातदार होता. त्याने अर्धी मालमत्ता गरिबांना देईन आणि फसवलेल्यांना चौपट परत करीन असं स्वतःहून सांगितलं. ज्याच्या हातात जास्त, त्याच्यावर जास्त.

तेव्हा तुमचा आणि मालकाचा भार सारखा नाही. पण तुमचा शून्यही नाही. मालकाला एकदा शांतपणे सांगता येतं, 'शेठ, बिलाचं काम दुसऱ्याला द्या, मी माल काढतो.' दुसरी नोकरी शोधायला सुरुवात करता येते. ती मिळेपर्यंतचे दिवस अपराधी वाटतील, ते देवापुढे ठेवा, सबब सांगू नका. आणि मंडळीतल्या ज्यांची दुकानं आहेत त्यांना माझं सांगणं आहे: हा प्रश्न तुमच्या नोकराच्या पोटात दुखतो आहे, तर तो तुमच्यामुळे.

शरीरच वाईट आहे का? उपास करून ते दडपावं का?

शरीर वाईट असतं तर देवाचा पुत्र देहधारी झाला नसता. गलतीकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायातली देहाच्या कर्मांची यादी नीट वाचा. जारकर्म आणि दारूबाजी आहे, पण मधे वैर, कलह, मत्सर, राग, तट, फुटी, पक्षभेद, हेवा अशी रांगच आहे. यातल्या कशाला शरीर लागतं? चर्च कमिटीच्या निवडणुकीत हे सगळं अत्यंत सोवळ्या माणसांकडूनही घडतं. त्यापुढेच आत्म्याचं फळ येतं: प्रीती, आनंद, शांती, सहनशीलता, ममता, चांगुलपणा, विश्वासूपणा, सौम्यता, इंद्रियदमन.

ईस्टरआधीच्या लेंटच्या चाळीस उपासाच्या दिवसांत सावजी सोडलं तर चांगलंच, पण त्या दिवसांत बायकोवर ओरडणं सोडलं तर घरच्यांना जास्त कळेल.

बाप्तिस्मा घेतल्यावर झगडा संपतो का?

नाही. येशूची परीक्षा बाप्तिस्म्यानंतर लगेचच झाली. २९ नोव्हेंबर १९७० रोजी आपल्या नागपुरातच सहा मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं, तेव्हा त्यांत बाळांना बाप्तिस्मा देणारे होते आणि फक्त जाणत्या विश्वासी माणसाला देणारेही. दोन्ही पद्धती ठेवल्या गेल्या. बाप्तिस्मा कधी घ्यावा यावर मतं वेगळी होती, पण त्यानंतरही रोज पश्चात्ताप लागतो यावर कुणाचं दुमत नव्हतं. मेथडिस्ट परंपरेत जॉन वेस्लीने याच आयुष्यात प्रीतीत पूर्ण होता येतं असं शिकवलं, हे खरं. पण तोही त्याला चुका आणि परीक्षा संपणं म्हणत नव्हता.

घरच्यांना दुखवून बाप्तिस्मा घ्यावा का?

प्रत्येक झगडा चांगल्या-वाइटातला नसतो. काही वेळा दोन्ही बाजूंना चांगलंच असतं, आणि तो झगडा जास्त दुखतो.

कवी नारायण वामन टिळकांना नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका गोऱ्या प्रवाशाने नवा करार दिला. डोंगरावरच्या प्रवचनाने त्यांना पकडलं. बाप्तिस्मा मात्र त्यांनी १८९५ च्या फेब्रुवारीत मुंबईत घेतला. मधला काळ सोपा नव्हता. पत्नीवर, नातलगांवर काय ओढवेल हे त्यांना ठाऊक होतं. लक्ष्मीबाई काही वर्षं त्यांच्यापासून वेगळ्या राहिल्या. पुढे त्या स्वतःच्या मनाने, स्वतःच्या वाटेने विश्वासात आल्या आणि दोघं पुन्हा एकत्र राहिली. त्या वियोगात आई-बाप, भावंडं वाईट होती असं मी म्हणणार नाही. ती घाबरलेली होती.

घाई करू नका. लपवूही नका. घरी जेवण-खाण, सण, आईवडिलांची सेवा यातून हात काढून घेऊ नका. आणि कुणी पैशाचं, नोकरीचं आमिष दाखवून बाप्तिस्मा देत असेल तर तिथे जाऊच नका.

कॅथलिक फादरकडे पापनिवेदन करतात. प्रोटेस्टंट का करत नाहीत?

कॅथलिक मंडळीत प्रायश्चित्त हा संस्कार आहे आणि फादरवर ऐकलेलं गुप्त ठेवण्याचं कडक बंधन आहे. प्रोटेस्टंट उपासनेत आपण सगळे मिळून कबुली देतो आणि पापक्षमेची घोषणा ऐकतो. खासगीत पाळकाशी बोलायची मुभा आहेच, आपणच ती वापरत नाही. या बाबतीत कॅथलिक मित्रांचं मला चांगलं वाटतं. सगळ्यांसोबत 'आम्ही पाप केले' म्हणणं सोपं असतं, एका माणसासमोर 'मी हे केलं' म्हणताना जीभ अडखळते.

नवरा मारतो. क्षमा करत राहा, हाच तुझा वधस्तंभ, असं सांगतात.

हे चुकीचं सांगतात. क्षमा म्हणजे मनातल्या सूडाचा दावा देवाच्या हातात देणं. ती देताना तुम्ही सुरक्षित जागी असू शकता, पोलिसांत तक्रार केलेली असू शकते. येशूने वधस्तंभ स्वतःहून घेतला. कुणी तुमच्या पाठीवर मारलेला दांडा म्हणजे वधस्तंभ नव्हे. महिलांसाठी १८१ हा हेल्पलाइन क्रमांक आहे. आधी स्वतःला आणि मुलांना बाहेर काढा. तुम्हाला परत पाठवणारे पाळक किंवा वडीलधारे यांचं ऐकायला तुम्ही बांधलेल्या नाही.

वाईट फक्त मनातच असतं का? समाजातल्या अन्यायाचं काय?

आपण ख्रिस्ती लोक पापाला फार खासगी करून टाकतो. दारू, सिनेमा, शिवी यावर प्रवचन होतं. लग्न जमवताना 'मुलगा विश्वासी हवा' म्हणून मग हळूच 'पण आपल्यातलाच' असं जोडतो, त्यावर होत नाही. जात मागे सोडून ख्रिस्तात एक झालो म्हणणारे आपण, बायोडेटा हातात आला की आडनाव आधी वाचतो. ज्या शहरात १९५६ मध्ये लाखो लोकांनी माणूस म्हणून ताठ उभं राहायला दीक्षा घेतली, तिथल्या मंडळीने तरी याला पाप म्हणायला घाबरू नये. हा झगडा कुणा एकाच्या मनात सुटणारा नाही. घरात, कमिटीत, स्मशानभूमीच्या जागेवरून उघड बोलावं लागतं.

माझ्या मनात देवाविषयीच घाण शब्द येतात. मी अक्षम्य पाप केलं का?

अक्षम्य पापाबद्दलचं येशूचं बोलणं मार्कच्या शुभवर्तमानाच्या तिसऱ्या अध्यायात आहे. येशूची चांगली कामं डोळ्यांनी पाहून, जाणूनबुजून, ही सैतानाची आहेत म्हणणाऱ्यांना तो इशारा होता. ज्याला आपण ते केलं असेल या भीतीने झोप येत नाही, त्याचं मन देवाकडे वळलेलंच आहे.

पण नको असलेले शब्द पुन्हापुन्हा आदळत असतील, ते घालवायला तुम्ही ठरावीक वेळा प्रार्थना मोजून म्हणत असाल, एकदा चुकली की पहिल्यापासून सुरू करत असाल, तर हा ओसीडी नावाचा आजार असू शकतो. तो पाप नाही आणि त्यावर उपचार आहेत. सरकारी मेडिकल कॉलेजच्या मानसोपचार विभागात दाखवा, किंवा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन करा. जीव नकोसा वाटत असेल तर तो फोन आजच करा.

मुलांना हे कसं सांगावं?

सैतानाची भीती घालून नाही. तुमचं चुकलं की मुलांसमोर 'माझं चुकलं' म्हणा. संडे स्कूलचं निम्मं काम त्यातच होतं.

तीच चूक, तोच पश्चात्ताप. देवाला कंटाळा येत नसेल का?

पेत्राने येशूला एका रात्रीत तीनदा नाकारलं. यहूदाने पैसे घेऊन त्याच रात्री त्याला पकडून दिलं. दोघांनाही पस्तावा झाला. यहूदाने पैसे परतसुद्धा केले, 'मी पाप केले' असं तोंडाने म्हटलं. फरक पडला तो पुढे. यहूदा एकटा निघून गेला. पेत्र रडला, पण बाकीच्या शिष्यांपासून तुटला नाही, आणि पुन्हा उठलेल्या येशूने किनाऱ्यावर त्याला तीनदा विचारलं, 'माझ्यावर प्रीती करतोस का?' यहूदा थांबला असता तर त्यालाही तो प्रश्न विचारला गेला असता असं मला मनापासून वाटतं. हे माझं मत आहे, मंडळीची शिकवण म्हणून सांगत नाही.

सदरचं कॅथलिक कॅथेड्रल ज्यांच्या नावाने आहे ते संत फ्रान्सिस द सेल्स १६२२ मध्ये वारले. जिनिव्हाचे बिशप. त्यांनी पडलेल्या माणसाला फार मायेने लिहिलं आहे: स्वतःवर चिडू नका, स्वतःशीही सौम्य वागा, पडलात तर हळूच उठा आणि पुढे चला. स्वतःवरच्या त्या चिडीत पश्चात्तापापेक्षा गर्व जास्त असतो, मी असा कसा पडलो हा, हे त्यांनी ओळखलं होतं.

पेत्राने विचारलं होतं, भावाला सात वेळा क्षमा करू का? येशू म्हणाला, साताच्या सत्तर वेळा. माणसाकडून जो एवढं मागतो तो स्वतः आठव्या वेळी दार लावून घेईल का?

मी ख्रिस्ती नाही. तरी यायचं असेल तर?

या. रविवारच्या उपासनेला कुणी ओळखपत्र विचारत नाही. मागच्या बाकावर बसा, गाणी येत नसली तर ऐका. प्रभुभोजनाच्या वेळी बाकीचे पुढे जातील तेव्हा बसून राहिलात तरी कुणाला वावगं वाटत नाही. प्रश्न असले तर उपासना संपल्यावर पाळकांना दारापाशी गाठा. सगळ्यांशी हात मिळवून होईपर्यंत ते तिथेच उभे असतात.